एक रोगी, तीन धनी



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका चुलत्यांना कुत्रे चावले. गाव पुण्यापासून लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. जखम पोटरीला आणि चांगली खोल. घरच्यांनी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुतली. हे शहाणपण गावच्या आशाताईंचे. मग प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. तिथे लस टोचली. परंतु अशा खोल जखमेत लसीबरोबर जखमेभोवती सीरमही टोचावे लागते. ते तिथे नव्हते. "तालुक्याला जा." तालुक्याला ते संपलेले. "जिल्ह्याला जा." जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात रात्री साडेनऊला पोहोचले, केसपेपर निघाला आणि हातात चिठ्ठी पडली : "बाहेरून आणा."

चुलते वाचले. पण नंतर त्यांनी मला जे विचारले, ते अजून मनातून जात नाही. "अरे, तिन्ही दवाखाने सरकारचेच ना? मग एकाचे दुसऱ्याला ठाऊक कसे नाही?"

आज त्या प्रश्नाचा थोडा विचार करू.

'सरकार' हा शब्द एक असला, तरी रोग्याचे धनी तीन आहेत. पुणे जिल्ह्याचेच पाहा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. आणि १८६७ सालापासून पुण्यात उभे असलेले ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. शहरातले महापालिकेचे दवाखाने आणखी निराळे. रोगी एकाच वाटेने वर जातो. कागद मात्र तीन वाटांनी फिरतात.

ही घडी काही एका दिवसात बसलेली नाही. १९४६ साली भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावाजवळचे दवाखाने त्यांच्या हाती गेले. त्यामागचा हेतू चांगला होता. डॉक्टर जागेवर नसेल, तर मुंबईला अर्ज करण्यापेक्षा आपल्या गटाच्या सदस्याला बाजारात गाठून विचारणे सोपे. विचारण्याची जागा रोग्याच्या जवळ आणली, हे त्या बदलाचे मर्म.

पुढच्या बदलांना हीच कसोटी लावून पाहू. औषधांची खरेदी पूर्वी खाती आपापली करीत. २०१७ साली ती मुंबईच्या हाफकिन महामंडळाकडे एकत्र दिली. एकगठ्ठा खरेदीत भाव कमी पडावा, हा विचार. पण औषधे वेळेवर येत नाहीत, ही तक्रार विधिमंडळात पुन्हा पुन्हा झाली. मग २०२३ साली कायदा करून वेगळे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रोगी दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असे सरकारने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. त्या चौकशीत खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारी नाही, ही गोष्ट पुढे आली आणि तो नेमा, असे न्यायालयाला सांगावे लागले. पाटी नवी लागली होती; खुर्चीत पूर्णवेळ माणूस नव्हता.

दुसरे उदाहरण पाहा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. निर्णय स्वागतार्ह. परंतु तो एका खात्याचा होता. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्यात धरली नव्हती. म्हणजे तालुक्याला जो रोगी फुकट तपासला गेला, तो अधिक आजारी होऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात गेला की त्याने पैसे मोजावेत! खाते बदलले, पण रोगी तोच होता ना?

आता तुम्ही म्हणाल, हे राजकारण झाले. दवाखान्यात राजकारण कशाला? बदल्या आणि ठेके यांचे राजकारण नकोच. पण आमच्या करातून चाललेल्या दवाखान्यात औषध का नाही, हे निवडून दिलेल्या माणसाला विचारणे हेही राजकारणच आहे, आणि तेवढे तरी हवेच. अधिकाऱ्याने लिहिलेल्या अहवालात 'साठा पुरेसा' असे असते. पुरेसा होता की नव्हता, हे चिठ्ठी घेऊन दुकान शोधणाऱ्या माणसाला ठाऊक असते. हे दोघे समोरासमोर आले, तरच खरे काय ते निघते.

तसे ते आलेले आहेत. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होते. ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे बाकीचे चार. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरले : चांगल्या सेवेला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी, सदस्य आणि रोगी एका मांडवात बसले. बाहेरची चिठ्ठी देण्याची सवय काही ठिकाणी अशा सुनवाईनंतर सुटली. त्यासाठी नवे खाते काढावे लागले नाही.

उलट, विचारण्याची जागाच बंद झाली तर काय होते, तेही आपण पाहिले. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे जिल्हा परिषदेची आणि पुणे महापालिकेची मुदत संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक नाही, कारभार प्रशासकांकडे. दवाखाने उघडत होते, पगार होत होते. पण सभागृहात उभे राहून "आमच्या केंद्रात सीरम का नाही?" असे विचारणारा सदस्य नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाची नोंद कोणत्याच वहीत होत नसते.

म्हणून माझे सांगणे एवढेच : बदल कोणत्या खात्यात झाला, यात गुंतून पडू नका. त्यानंतर रोग्याने कोणाला विचारायचे, ते आधी पाहा.

शिक्षक मित्रांनो, येथे तुमचे काम मोठे आहे. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. ती शेवटची कधी बसली, ते विचारा. केंद्रात औषधांच्या साठ्याचा फलक असेल, तर वरच्या वर्गातल्या मुलांना तो वाचायला न्या. नसेल, तर मागा. ज्याला बाहेरची चिठ्ठी मिळाली, त्याला ती जपून ठेवायला सांगा आणि तारखेसह वहीत उतरवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची रीत आहे. त्या सभेत ती वही वाचा, ठरावात घाला, आणि ठरावाची प्रत सदस्यांना व आमदारांनाही पाठवा. रागावून बोलण्याची गरज नाही. अपुऱ्या साधनांवर राबणाऱ्या परिचारिकेवर आवाज चढवून औषध येत नाही. तारीख, औषधाचे नाव आणि चिठ्ठी एवढे पुरते.

आमच्या चुलत्यांनी ती चिठ्ठी अजून ठेवली आहे, पंचांगाच्या घडीत. येत्या ग्रामसभेला ते ती घेऊन जाणार आहेत. तुमच्या घरीही अशी एखादी चिठ्ठी असेल. ती शोधून ठेवा.