संदेशांची रांग आणि तिची कोंडी



एका संगणकावर अनेक प्रोसेस एकाच वेळी चालतात, पण एकीचे बोलणे दुसरीला आपण होऊन ऐकू जात नाही. मधे ऑपरेटिंग सिस्टिमची भिंत असते. भिंतीपलीकडे निरोप पोचविण्याचे उपाय पुष्कळ आहेत. त्यांतला एकच आम्ही आज निवडला आहे. तो म्हणजे १९८३ साली ए. टी. अँड टी.ने बाजारात आणलेल्या युनिक्स सिस्टिम फाइव्हमधील संदेशांची रांग.

तिचा गुण आधी सांगितला पाहिजे. पाइपातून अक्षरे पाण्यासारखी वाहत येतात. निरोप कोठे संपला हे घेणाऱ्याने ओळखावयाचे. रांगेत प्रत्येक निरोप अखंड राहतो, त्यावर प्रकाराचा आकडा असतो आणि हव्या त्या आकड्याचा निरोप आधी उचलता येतो.

पण जागा मोजकी! लिनक्समध्ये, कोणी मुद्दाम वाढविली नसेल तर, एका रांगेत १६,३८४ बाइट मावतात आणि एका निरोपाला ८,१९२ची मुभा. म्हणजे मोठे निरोप दोनच. आता समजा, ग्राहक अनेक, सेवक एक, आणि विनंत्या व उत्तरे एकाच रांगेतून. आकडे निराळे देता येतात, त्यामुळे हे कोणालाही सहज सुचते. सेवकाने एक विनंती उचलली, उत्तर तयार केले. तेवढ्यात रिकाम्या जागी दुसऱ्याची विनंती येऊन बसली. उत्तराला जागा नाही म्हणून सेवक थांबला. विनंत्या उपसणारा तोच, तेव्हा आता जागाही होईना. वाड्याच्या अरुंद जिन्यात खालून माणसे दाटावीत आणि वरच्याला उतरता येऊ नये, तशी ही गत. जिना रुंद केला तर कोंडी उशिरा होईल, इतकेच. उतरावयाचा जिना वेगळाच हवा. त्यानेही पुरते भागत नाही. एखादा ग्राहक आपले उत्तर उचलीतच नाही आणि उत्तरांची रांग भरते. मग थांबावे, की निरोप टाकून द्यावा? हे रांग ठरवीत नाही. आपण प्रोग्राम लिहितानाच ठरवावे लागते.

दुसरी उणीव मालकीची. रांग कोण वापरतो याची मोजदाद कर्नल ठेवीत नाही. सगळ्या प्रोसेस संपल्या तरी, कोणी काढून टाकीपर्यंत किंवा यंत्र बंद होईपर्यंत, ती निरोपांसह पडून राहते. शिवाय तिला फाइलीसारखा डिस्क्रिप्टर नाही. म्हणून नेटवर्कची आणि रांगेची वाट एकाच जागी बसून पाहता येत नाही.

पॉझिक्सच्या रांगा लिनक्समध्ये २००४ साली आल्या. तेथे ही शेवटची अडचण सुटली. रांग मात्र तेथेही मागे उरतेच, आणि नेहमीच्या मापाने तिच्यात १० निरोप मावतात. अकरावा घेऊन आलेला दाराशी उभाच.