ई२०, जुनी बाईक आणि अॅडिटिव्हची बाटली

मंडळी, सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: जुन्या बाईकमध्ये ई२० जातंय, तर अॅडिटिव्ह टाकू का?

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत ओलावा साचला की आतून गंज धरतो, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकतो. गंजरोधक असलेलं अॅडिटिव्ह धातूवर पातळ थर धरतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर जरूर टाका. पण पाणी फार झालं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यासोबत तळाशी बसतं. मग बाटली ओतून उपयोग नाही, टाकी रिकामीच करायची.

मायलेजचं काय? लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानेच ई१०वर ट्यून केलेल्या दुचाकीला ३-४ टक्के फटका धरलाय. चार थेंबांनी ती ऊर्जा परत येत नाही, लेबलवर काहीही छापलेलं असो.

रबराचंही तसंच. फुगलेला, चिरलेला पाईप बदलायचाच. माझं म्हणाल तर बाटलीआधी पैसे तिथे घाला. पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर आजच, कारण खाली गरम इंजिन असतं. आणि मेकॅनिकला ‘इथेनॉलला चालणारा पाईप’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तोच जुना माल परत बसतो.