सुनेच्या हाताला चव नाही?

"सुनेच्या हाताला चवच नाही" हे वाक्य बचत गटाच्या बैठकीत आम्ही कितीदा तरी ऐकतो. सासू ताट सरकवते, सून डोळे पुसते. दोष खरंच हाताचा असतो का, ते आज बघू.

आधी एक प्रयोग करा. चिमूटभर बडीशेप घ्या. नाक बोटांनी घट्ट दाबा आणि बडीशेप चावा. जरासं गोडसर लागेल, पण बडीशेप खातोय हे कळायचं नाही. आता नाक सोडा. लगेच ओळख पटली ना?

याचं कारण असं. जिभेला मुख्यतः पाचच चवी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी. ही पाचवी चव १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी शोधली. आपल्याकडे ती पिकलेल्या टोमॅटोत, सुकटीत असते. तिखट ही तर चवच नाही. मिरचीने तोंडातल्या गरम आणि दुखणं कळणाऱ्या नसा जाग्या होतात. आपण "आग झाली" म्हणतो ते अगदी बरोबर आहे.

बाकी जिरं, हिंग, लसणाची फोडणी हे सगळं नाकाचं काम. घास चावताना वास घशामागून नाकात चढतो आणि आपण त्याला चव म्हणतो. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकार असतात. वास कसा ओळखला जातो हे शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ साली नोबेल मिळालं.

आता सासूबाईंकडे येऊ. साठीनंतर पुष्कळांचं नाक हळूहळू मंद होतं. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. हे इतकं सावकाश होतं की त्यांचं त्यांनाही कळत नाही. त्यांना भाजी आळणी लागते ती खरीच, आणि सुनेने मीठ घातलेलं असतं तेही खरंच. दोघीही खोटं बोलत नाहीत.

पण म्हणून वरून मीठ वाढू नका, रक्तदाब असेल तर मुळीच नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं. म्हणजे सगळं मिळून एक छोटा सपाट चमचा. त्याऐवजी लिंबू पिळा, कोकम घाला, तिळाचा कूट, कोथिंबीर, वरून ताजी फोडणी द्या. मीठ थोडं थोडं कमी केलं तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. चव गेली की जेवण कमी होतं, अंग खंगतं, तिकडेही लक्ष ठेवा. वास एकाएकी गेला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

नाकाची आणखी एक खोड आहे. एकच वास सतत आला की नाक तो सोडून देतं. म्हणून आमच्या गटात मसाला भाजणारी बाई शेवटचा निर्णय देत नाही. बाहेरून आलेली बाई वास घेऊन सांगते.

हीच खोड गॅसच्या बाबतीत जिवावर बेतू शकते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन घालतात. ज्या घरात वयस्कर माणूस एकटं चूल-गॅस बघतं, तिथे रोज रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. वास आलाच तर विजेचं बटण दाबू नका, काडी ओढू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. तसंच शिळं अन्न वासावरून पारखायचं काम घरातल्या तरुण नाकाकडे द्या.

पुढच्या बैठकीला बडीशेपेची पुडी घेऊन या. सासू-सुनेला शेजारी बसवा, दोघींना नाक दाबायला लावा. हसतील आणि मग बोलतीलही.