चौक कुणी लिहिला?

(कर्जत येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

माझ्या हातात हे एक पोस्टकार्ड आहे. मागच्या ओळीतल्या मावशींना दिसणार नाही, म्हणून सांगते. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघा. मधोमध चौकट, चौकटीत पालघट देवी, भोवती झाडं आणि नाचणारी माणसं. कार्ड उलटं केलं की छापलेलं दिसतं, 'वारली कला, महाराष्ट्र'. त्याखाली आमच्या गटाचं नाव आणि पत्ता. या कार्डावर जे छापलेलं नाही, त्याबद्दल मी आज बोलणार आहे. आणि हे कार्ड बाहेरच्या कुणी छापलेलं नाही, आम्हीच छापलं होतं.

काही वर्षांपूर्वी ८ मार्चच्या निमित्तानं आम्ही इथं कर्जतला दोन दिवसांचं शिबिर घेतलं. डहाणूकडून पाच-सहा जणी आल्या होत्या. त्यांत एक आजी होती. साठी केव्हाच उलटलेली. दुपारी बाकीच्या जेवून आडव्या झाल्या, तेव्हा तिनं पिशवीतून कागद काढला, वाटीत तांदळाचं पीठ कालवलं, बांबूची काडी दातांनी चावून पुढून मऊ केली आणि भिंतीशी बसली. चित्र काढताना ती गात होती. मध्येच कुणी काही विचारलं, गाणं तुटलं, की तिचा हातही थांबायचा.

मी म्हटलं, "आजी, गाणं कशाला लागतं?"

ती म्हणाली, "बाय, गाण्यात येतं तेच लिहायचं. गाणं नसलं तर पुढं काय लिहायचं ते मला कोण सांगणार?"

वारली बायका चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात'. लग्नघरातली भिंत शेणामातीनं सारवून त्यावर तांदळाच्या पिठानं हा चौक लिहिला जातो. चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाई. ती देवांना गाण्यातून बोलावते. आपल्याकडे बाईनं पौरोहित्य केलं तर अजूनही वर्तमानपत्रात बातमी येते. वारल्यांकडे हे पिढ्यान्‌पिढ्या बाईचं काम आहे. गाणं बाईचं, भिंत बाईची, हात बाईचा.

हे ऐकून आपल्याला बरं वाटतं. आदिवासी समाजात बाई मोकळी असते, असं आपण भाषणांतून सांगतोही. पण चौक लिहायचा मान सवाशिणींचा. ज्या बाईचा नवरा गेला, तिचा हात त्या भिंतीला लागायचा नाही. या आजीनं लहानपणी आईच्या मागे बसून चौक पाहिला, लग्न झाल्यावर गावच्या कितीतरी लग्नांत लिहिला. नवरा वारला तेव्हा ती चाळिशीत होती. हात सर्वांत तयार झाला होता, नेमका तेव्हाच तो बंद पडला. पुढची वीसेक वर्षं ती दुसऱ्यांच्या लग्नात तांदूळ कुटून द्यायची आणि लांबून बघायची. मग नातवानं शाळेतला उरलेला कागद आणून दिला. तिथून तिनं पुन्हा सुरुवात केली.

मी विचारलं, "कागदावर लिहिलेलं चालतं?" ती हसली. "कागदाला कुठं नवरा लागतो?"

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी तिला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांग. पण नवऱ्याची गोष्ट सांगशील तिथं माझं नाव घेऊ नको." म्हणून मी नाव घेत नाही.

तिनं ते चित्र शिबिराला दिलं. आम्ही तिला एकदाच पाचशे रुपये दिले आणि त्या चित्राची कार्डं छापून संस्थेसाठी विकली. पुढच्या वर्षी डहाणूला गेले, तेव्हा मोठ्या कौतुकानं तिला एक कार्ड दिलं. तिनं ते नातीकडे दिलं. म्हणाली, "वाच." नातीनं वाचलं, "वारली कला, महाराष्ट्र." "पुढं?" नातीनं आमच्या गटाचं नाव वाचलं, पत्ता वाचला. "आता माझं नाव वाच." पोरगी माझ्याकडे बघायला लागली.

बाईच्या कामाला नाव नाही, दाम नाही, हे आम्ही गावोगाव सांगत हिंडतो. घरकाम मोजा म्हणतो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणतो. आणि आमच्याच कार्डावर बाईचं नाव नव्हतं. विसरलो असं मी म्हणणार नाही. लोककला ही सगळ्यांची असते, तिला कर्ता नसतो, असं आम्ही गृहीतच धरलं होतं.

हे गृहीत किती चूक आहे, ते पाहा. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार होते. बिहारमध्ये १९६६-६७ च्या दुष्काळात ते मधुबनीला गेले आणि तिथल्या भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला. त्यातून जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं देशाला कळली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. हेच कुलकर्णी पुढं १९७० नंतरच्या काळात डहाणूला आले. इथं नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या कलेबद्दल माझी तक्रार नाही. लग्नाच्या भिंतीवरचं चित्र त्यांनी शेतात, नदीवर, रोजच्या जगण्यात आणलं. पण चित्र भिंतीवरून कागदावर आलं आणि विकायला लागलं, तेव्हा ते मुख्यतः पुरुषांच्या हातात गेलं. मुंबईला जाणं, साहेबाशी बोलणं, सही करणं या गोष्टी कुणाला सोप्या होत्या, ते तुम्हाला सांगायला नको. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं कला कुठली ते ठरलं. हात कुणाचा, हा प्रश्न राहिलाच.

उतारवयात बाई काय करू शकते, याची शंका कुणाला असेल तर मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधइया बाई बैगा आठवा. नवरा गेल्यावर मोलमजुरी करून मुलं वाढवली, चित्रं काढायला लागल्या त्या सत्तरीच्या आसपास. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ च्या डिसेंबरात त्या वारल्या, पण चित्रकार म्हणून वारल्या.

आणि नावं नोंदणं अवघड आहे, असंही कुणी म्हणू नये. हा घाट चढलं की पलीकडे मावळ आणि मुळशी. तिथल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं गोळा केल्या. महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं. लाखभर ओव्यांना जे जमलं, ते आम्हाला एका कार्डाला जमलं नाही.

आम्ही कार्ड पुन्हा छापलं. ते बाहेरच्या टेबलावर ठेवलं आहे, जाताना बघा. मागे चित्रकर्तीचं पूर्ण नाव आहे, गाव आहे. प्रत्येक कार्डामागे तिचा हिस्सा ठरवला आहे आणि तो तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो. गाण्याचे शब्दही छापावेत, असं आमच्या मनात होतं. तिनं नको म्हटलं. "गाणं मांडवातलं आहे, ते मांडवात राहू दे. नुसतं लिही, की गाणं म्हणत लिहिलंय." तेवढंच छापलं आहे.

आता आपल्या कर्जतकडे बघू. नेरळपासून खालापूर, खोपोलीपर्यंत फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभे राहिलेत. त्यांच्या भिंतींवर हीच नाचणारी माणसं ऑइलपेंटनं रंगवलेली असतात. त्याच भिंतींखाली आपल्या वाड्यांवरच्या ठाकर, कातकरी बायका केर काढतात, चादरी धुतात. भिंतीवरचं चित्र कुणाचं, असं त्यांना कुणी विचारत नाही. तुझ्या घरी लग्नात काय गातात, हेही विचारत नाही.

तेव्हा मी आज एक काम देणार आहे. आपल्या प्रत्येक बचत गटात एक वही असते. त्या वहीची मागची पानं उघडा. तुमच्या वाडीत लग्नात कोण गातं, भिंतीवर कोण लिहितं, कुणाचा हात नवरा गेला म्हणून थांबला, ते तिला विचारा. हो म्हणाली तरच नाव लिहा. आणि जिचा हात थांबला असेल, तिला पुढच्या बैठकीला बोलवा. कागद आपण आणू.