मांजरास बोलतें करणें

मांजरास कांहीं शिकवितां येत नाहीं, हा नुसता समज आहे. अमेरिकेंत थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेलीं मांजरें पेटींत कोंडलीं व बाहेर मासा ठेवला. आंतील दोरी ओढली कीं दार उघडे. प्रथम सारी धडपडच. पुढें पुढें तीं कांहीं सेकंदांतच दोरी ओढूं लागलीं.

तेंच आपण घरीं करावें. दाराशीं एक लहान घंटा टांगावी आणि पंजा लागून ती वाजतांच दार उघडावें. उशीर झाला कीं त्यास संबंध कळत नाहीं. येथें छडी उपयोगी नाहीं; आम्हां मास्तरांस हें पटावयास जड जातें खरें! छडीनें मांजर घंटा शिकत नाहीं, मास्तरास चुकवावयास शिकतें.

मोठीं मांजरें आपसांत क्वचितच ‘म्यांव’ करितात. तो शब्द बहुतेक माणसांकरितांच असतो. तेव्हां निम्मा धडा आपलाच. घुरघुर नेहमीं सुखाचीच नसते; दुखण्यांतही मांजर घुरघुरतें. बोका पुनःपुन्हां लघवीस बसून ओरडत असेल व लघवी होत नसेल, तर ती हांक दुधाची नव्हे. त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. दोन दिवसांचा विलंबही त्याच्या जिवावर बेततो.