फुकट आलेलं ओझं



झाकणावर जयललितांचं चित्र असलेला लॅपटॉप तंजावरातल्या तुमच्याही कपाटावर पडलेला असेल. १५ सप्टेंबर २०११ला तमिळनाडू सरकारची मोफत लॅपटॉप योजना सुरू झाली. सुरुवातीच्या यंत्रांवर विंडोज ७ स्टार्टर होतं. त्यात पडद्यावरचं चित्र बदलायची सोयच नव्हती. राजकारण्यांना याहून सोयीची आवृत्ती कोणती मिळणार! तेव्हा ते लॅपटॉप मिळालेली मुलं आता नोकरीला लागली, आणि धाकट्यांसाठी घरात पंचवीस-तीस हजारांचा नवा लॅपटॉप येतो. तक्रार मात्र जुनीच ऐकू येते: “अण्णा, बटण दाबून कॉफी करून आणली तरी हा उघडत नाही.”

जुन्याचं समजतं. नव्याला काय धाड भरली?

स्वस्त लॅपटॉप विकून कंपनीच्या हाती फारसं काही उरत नाही. मग अँटीव्हायरसवाले, खेळवाले, खरेदीची ॲपं चालवणारे पैसे मोजतात आणि त्यांचा माल आपल्या यंत्रात आधीच भरून येतो. म्हणजे यंत्र आपण विकत घेतो आणि जागा तिसऱ्याच्या ताब्यात असते. २०१५ साली लेनोवोच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर सापडलं. बँकेच्या सुरक्षित पानांमध्येही शिरता येईल असं खोटं प्रमाणपत्र ते यंत्रात बसवत होतं. त्यामुळे प्रश्न नुसत्या वेगाचा नाही.

आता हे ओझं जाणवतं कुठे ते पाहू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यंत्र नुकतंच सुरू झालेलं असेल तर ‘डिस्क’च्या रकान्यात बऱ्याचदा शंभर टक्के दिसतं, आणि प्रोसेसर मात्र निवांत बसलेला असतो. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा काटा इकडून तिकडे सरकतो. दहा प्रोग्रॅमांनी एकदम हाक मारली की तो काटा नुसता धावत राहतो. त्याच खिडकीत ‘स्टार्टअप’ हा भाग आहे. तिथे अपडेटर, चॅट, खेळांचे लाँचर अशी जत्रा दिसेल. ज्याचं सकाळी सकाळी काम नाही ते ‘डिसेबल’ करा. त्यानं काही पुसलं जात नाही, लागेल तेव्हा हातानं उघडता येतं.

मग सेटिंगमधून नको ती ॲपं काढून टाका. सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागदांचे रुमाल जपायचे असतात, लॅपटॉपला तो नियम नाही. मुदत संपलेला अँटीव्हायरस आधी काढा. तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. ज्याचं नाव ओळखीचं नाही, विशेषतः ज्यात ‘ड्रायव्हर’ हा शब्द आहे, त्याला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि वेग वाढवून देतो म्हणणारी क्लीनर सॉफ्टवेअरं घेऊ नका. एवढं काढून झाल्यावर पुन्हा एक भर कशाला?

काही जण थेट फॅक्टरी रीसेट करतात. त्यात कंपनीचा मूळ साठाच परत येतो, म्हणजे काढलेला पसारा बहुधा पुन्हा हजर. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज पेनड्राइव्हवर घेऊन कोरं बसवावं. परवाना साधारणपणे मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो, म्हणून नवा घ्यावा लागत नाही. फोटो आणि अभ्यासाच्या फायली आधी दुसरीकडे काढून ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

खर्च करायचाच असेल तर पहिला एसएसडीवर करा. त्यात फिरणारं काही नसतं, आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ती बसते. तंजावरच्या गांधीजी रोडवर दुकानदार रॅम आधी सुचवेल. दोन जीबीच असेल तर त्याचंही ऐका. पण काही स्वस्त यंत्रांत साठवण बोर्डालाच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी यंत्र उघडून दाखवायला सांगा. उघडलंच आहे तर पंख्यातली धूळही काढून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात यंत्र तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

राहिला कपाटावरचा सरकारी लॅपटॉप. विंडोज १०चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११ त्याला पेलायचं नाही. पण या योजनेतल्या अनेक यंत्रांत विंडोजच्या शेजारी सी-डॅकचं बॉस लिनक्सही दिलेलं होतं. सुरू करताना काळ्या पडद्यावर जी यादी येते ती घाईनं ओलांडू नका, तिथे ते नाव आहे का बघा. आवृत्ती जुनी असेल, म्हणून नवी उतरवून घ्या. लिहिणं, वाचणं, हिशेब एवढं काम धाकट्याला त्यावर करता येईल.