वेढा, दोस्त आणि आपली एकजूट
(रिसोड येथे गिरणी कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वेढा म्हणजे काय, हे तुम्हाला पुस्तकातून शिकवायला नको. संप झाला की तुम्ही वेढ्यातच असता. गेट बंद, भोंगा गप्प, आणि मालक वाट बघत बसतो की यांच्या घरातली ज्वारी कधी संपते! किल्ल्याच्या वेढ्यातही तोफा थोडं काम करतात, बाकीचं भूक करते. मग आतला माणूस विचारतो, बाहेरून कोणी मदतीला येईल का? त्या मदतीचाच हिशेब आज मांडायचा आहे.

१७७५ साली पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच इंग्रजाविरुद्ध दोन लढाया पेटल्या. एक अमेरिकेत, दुसरी आपल्याकडे. राघोबादादाला पेशवाईच्या गादीवर बसवायच्या निमित्ताने मुंबईचे इंग्रज घाट चढून आले. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके एका मताने चालले. त्यांनी वाटेवरची गावे ओस पाडली, चारा जाळला, रसद तोडली. तळेगावसुद्धा जाळले. उपाशी फौजेने आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि रात्रीच माघार घेतली. वडगावला ती कोंडली गेली, आणि जानेवारी १७७९ मध्ये साहेबाने मुकाट्याने तह लिहून दिला. एकाही परक्याची मदत नव्हती, बरं का!

मदतीचा शब्द मात्र मिळाला होता. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यात आला. फौज देऊ, हत्यारे देऊ म्हणाला, आणि चौल बंदरावर डोळा ठेवून बसला. नाना फडणिसांनी इंग्रजाला धाक म्हणून त्याला बाळगले. फ्रेंच फौज काही आली नाही.

तिकडे अमेरिकेत मात्र आली. का आली? अमेरिकेचे दुःख पाहून फ्रान्सच्या राजाला रडू फुटले म्हणून नव्हे. १७६३ मध्ये इंग्रजाने त्याचे मुलूख काढून घेतले होते, त्याला सूड हवा होता. आणि १७७७ मध्ये साराटोगाला अमेरिकनांनी अख्खी इंग्रज फौज शरण आणून दाखवली, तेव्हा कुठे १७७८ मध्ये राजाने तहावर सही केली. आधी यांची हिंमत, मग त्याची मदत. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवालिस वेढला गेला. जमिनीवर वॉशिंग्टनच्या बरोबरीने फ्रेंच पलटणी, समुद्रात फ्रेंच आरमार. १९ ऑक्टोबरला तो शरण आला.

इकडे नानांनीही १७८० मध्ये हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधली. पण नागपूरकरांची फौज कटकला जाऊन थांबली, कारण हेस्टिंग्जने पैसे चारले. डिसेंबर १७८० मध्ये वसईचा किल्ला वेढा पडून इंग्रजाकडे गेला. मोट बांधली तरी दोरच कच्चा, तर पाणी शेताला लागायचे कसे?

आता कान देऊन ऐका. यॉर्कटाउनला हरलेला तोच कॉर्नवालिस १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९२ मध्ये त्याने टिपूच्या श्रीरंगपट्टणाला वेढा घातला. त्याचे दोस्त कोण? निजाम, आणि आपण! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन पेशव्यांच्या फौजा घेऊन त्याच्या बाजूने उभे होते. टिपूचे अर्धे राज्य गेले. आपल्याला वाटा मिळाला, आपण खूश झालो.

पुरी बारा वर्षेही गेली नाहीत. १८०३ मध्ये इंग्रज शिंदे-भोसल्यांवर उलटला. होळकर बाजूला बसून राहिले. शिंद्यांचा पगार खाणारा फ्रेंच सेनापती पेराँ सप्टेंबरातच इंग्रजाच्या आश्रयाला गेला. मग वेढा पडला आपल्या वऱ्हाडातल्या गाविलगडाला. सातपुड्याच्या डोंगरातून तोफा ओढत आणल्या, तट फोडला, आणि १५ डिसेंबर १८०३ ला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. त्याच्या मदतीला कोण आले? कोणी नाही.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला, आणि तो इंग्रजाचा दोस्त म्हणून निजामाला मिळाला. हे आपले रिसोड त्यातच. इथल्या कुणब्याला कोणी विचारले होते? आणि त्या दोस्त निजामाचे तरी काय झाले? इंग्रजाने त्याच्या मदतीला म्हणून जी फौज ठेवली, तिच्याच खर्चापायी १८५३ मध्ये त्याला हेच वऱ्हाड इंग्रजाच्या हवाली करावे लागले!

बंधूंनो, परका दोस्त मुळीच नको, असे मी म्हणत नाही. यॉर्कटाउनला तो होता म्हणूनच काम फत्ते झाले. पण मदतीला येणाऱ्याला आधी विचारा, बाबा, तुझा यात काय फायदा? आणि स्वतःला विचारा, शेजारच्या गिरणीचा संप मोडायला आपण तर मालकाच्या बाजूने उभे नाही ना? श्रीरंगपट्टणाला आपण तेच केले, आणि त्याचे बिल गाविलगडावर चुकते केले.

ताणा मजबूत असेल तरच धोटा चालतो. तार तुटली की साचा थांबतो, मग जॉबर कितीही ओरडो. आपली तार तुटू देऊ नका.

एकजुटीचा विजय असो!